रिकामा रकाना

यंदाच्या गणपतीत माझा भाचा चार दिवस बेळगावला आला होता. बंगळूरला एका कंपनीत तो डेटाबेसचे काम करतो. डेटाबेस म्हणजे काय हे सांगायला फार शास्त्र नको. लोकांची खाती, बिले, तिकिटे, औषधे, मार्क यांच्या ज्या अवाढव्य नोंदवह्या पूर्वी कपाटात असत, त्या आता संगणकात असतात. त्या नीट लावून ठेवणे, मागतील तेव्हा मागतील ते काढून देणे आणि मुख्य म्हणजे हरवू न देणे, हे त्याचे काम. मीही आयुष्यभर हेच केले, एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात. त्यामुळे मामा-भाच्याच्या नात्यापलीकडे आमचे व्यवसायाचेही एक नाते आहे आणि गप्पा बहुधा त्याच वाटेने जातात.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी तो मोबाईल उघडून 'आजचा प्रश्न' सोडवतो. डेटाबेसवाल्यांच्या जगात ही जुनी प्रथा आहे. रोज एक प्रश्न टपालात येऊन पडतो. चार-पाच ओळींचा संगणकीय मजकूर, खाली चार पर्याय. एकावर खूण करायची. लगेच बरोबर की चूक ते कळते, गुण जमा होतो, आणि आज किती टक्के मंडळी चुकली तेही दिसते. वर्षानुवर्षे न चुकता सोडवणारे लोक आहेत; त्यांच्या नावापुढे शेकड्यांनी, हजारांनी गुण साठलेले असतात. या गुणांवर पगार वाढत नाही, बढती मिळत नाही, चहाही मिळत नाही. तरीसुद्धा चाळिशी-पन्नाशीतली, मोठमोठ्या कंपन्यांची नोंदखाती सांभाळणारी माणसे एका गुणासाठी हिरिरीने भांडतात. 'प्रश्नाची भाषाच संदिग्ध होती, माझा गुण परत द्या,' ही तर त्या मंडळींतली नेहमीची तक्रार आणि नेहमीचा विनोदही.

त्या दिवशी मी पाहिले तर भाच्याने प्रश्नातला मजकूर उचलला, आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहिला, आलेले उत्तर वाचले आणि मग शांतपणे योग्य पर्यायावर खूण केली. 'बरोबर!' अशी हिरवी पाटी झळकली.

मी म्हटले, "अरे, ही कॉपीच झाली की."

तो हसला. म्हणाला, "मामा, कामावर असताना न तपासता तुम्ही कधी उत्तर दिलंय काय? 'चालवून बघितल्याशिवाय बोलू नको' हे तुम्हीच मला शिकवलंय की!"

मी गप्प बसलो. त्याचे म्हणणे खरे होते. कामाच्या ठिकाणी जो आधी तपासतो तो सावध, जबाबदार मानला जातो; न तपासता ठोकून देतो तो उथळ. मग जी गोष्ट कचेरीत सद्गुण, तीच घरी चहाच्या वेळी लबाडी कशी ठरते? आणि ठरत असेल, तर कोणाविरुद्धची? पाहणारे कोणी नाही, नुकसान कोणाचे नाही, गुणाला किंमत नाही.

प्रश्न वरवर पोरकट आहे; पण तो पुढे कुठे जातो ते पाहण्यासारखे आहे. कारण त्याच दिवशी दुपारी, मोदक पोटात गेल्यावर, भाच्याने दुसरा विषय काढला. त्याच्या कंपनीने त्याला मार्चअखेरपर्यंत वरच्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवायला सांगितले आहे. संगणक तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी भागीदारीचे नाते ठेवायचे तर आपल्याकडे इतके इतके प्रमाणित लोक हवेत, अशी अट पुष्कळदा असते. त्यामुळे हे प्रमाणपत्र एकट्याचे राहत नाही. एका मित्राने त्याला एक फाईल पाठवली होती. तिच्यात परीक्षेत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे होती. या धंद्यात अशा फायलींना 'डम्प' म्हणतात. "सगळे हेच वापरतात, मामा," तो म्हणाला. "वापरू काय?"

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे मला वाटते. ते सांगण्यासाठी आधी त्या सकाळच्या प्रश्नाबद्दल सांगायला हवे, कारण तो योगायोगाने फार चांगला प्रश्न होता.

समजा, तुमच्या घरी लग्न आहे. आमंत्रण दिलेल्यांची एक यादी केली आहे. तिच्यात एक ओळ कोरी आहे, कारण व्याह्यांच्या बाजूचे एक गृहस्थ आहेत, त्यांना आमंत्रण गेले हे नक्की. पण त्यांचे नाव अजून कळायचे आहे. आता तुम्ही कोणाला तरी सांगितले, 'आपल्या गल्लीतली या यादीत नसलेली माणसे कोणती ते काढून दे.' शेजारचा मुलगा पाच मिनिटांत नावे लिहून आणील. डेटाबेस मात्र एकही नाव देणार नाही. कोरा कागद परत करील.

नव्याने शिकणारा येथे हमखास चुकतो. त्याला वाटते, यंत्र बिघडले. पण यंत्राचा विचार असा: अमुक माणूस यादीत नाही असे म्हणायचे, तर त्याचे नाव यादीतल्या प्रत्येक नावाहून वेगळे आहे याची खात्री हवी. त्या कोऱ्या ओळीतले नाव मला माहीत नाही. ते नाव याच माणसाचे असले तर? तेव्हा हा यादीत नाही असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आणि हीच अडचण प्रत्येक माणसाच्या बाबतीत आहे. म्हणून मी कोणाचेच नाव देत नाही.

या कोऱ्या ओळीला डेटाबेसच्या भाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. बँकेत काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. खात्यात शून्य रुपये असणे आणि खात्यात किती आहेत ते माहीत नसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एडगर कॉड या मूळच्या इंग्रज, पण अमेरिकेत आयबीएममध्ये काम करणाऱ्या गणितज्ञाने १९७० साली एक निबंध लिहून आजच्या डेटाबेसचा पाया घातला. १९८१ साली त्याला संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८५ साली त्याने चांगल्या डेटाबेसचे जे प्रसिद्ध नियम सांगितले, त्यांतला तिसरा नियम याच अज्ञाताविषयीचा आहे. जे माहीत नाही त्याची नोंद 'माहीत नाही' अशीच, आणि सर्वत्र एकाच पद्धतीने, करता आली पाहिजे. त्यातून खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' ही तिसरी जात तर्कशास्त्रात आणून बसवावी लागली. त्यावरून पुष्कळ वाद झाले. ख्रिस डेट हा कॉडचा सहकारी आणि त्याच्या विचारांचा सर्वांत मोठा भाष्यकार. पण नलच्या बाबतीत तो कायम विरोधात राहिला. हा तिसरा पाहुणा घरात घेतला की सगळा हिशेब गुंतागुंतीचा होतो, हे त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

असो. तांत्रिक वाद तज्ज्ञांवर सोडू. मला त्यातली नैतिक बाजू महत्त्वाची वाटते. ज्या यंत्राला आपण निर्बुद्ध म्हणतो, त्याच्या वहीत 'मला माहीत नाही' यासाठी एक राखीव जागा आहे. आणि त्याच यंत्राचे ज्ञान तपासणाऱ्या परीक्षेत ती जागा नाही! तेथे अ, ब, क, ड असे चार रकाने असतात. 'माहीत नाही' असा पाचवा नसतो. अशा बहुतेक परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुणही कापत नाहीत. म्हणजे न येणाऱ्या प्रश्नाला ठोकून उत्तर देणे हेच तेथे शहाणपण. चारांत एक, पंचवीस टक्के, ही देवाची कृपा. ज्या धंद्यात 'मला माहीत नाही, बघून सांगतो' हे सर्वांत मोलाचे वाक्य, त्या धंद्याची परीक्षा ते वाक्य उच्चारूच देत नाही.

आता भाच्याच्या सकाळच्या लबाडीकडे वळू. 'उत्तर काय?' असे कोणी विचारले असेल, तर आधी तपासणे हा धर्मच. पण रोजचा प्रश्न 'उत्तर काय?' असे विचारतच नसतो. उत्तर प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते; त्याला ते तुमच्याकडून नको आहे. तो विचारत असतो, 'या क्षणी तुझ्या डोक्यात काय आहे?' त्याचे उत्तर लॅपटॉपमध्ये नाही. लॅपटॉप चालवून जी हिरवी पाटी मिळाली, ती लॅपटॉपची. ताप पाहण्यासाठी तोंडात ठेवलेले थर्मामीटर गरम चहात बुडवले, तर डॉक्टरची फसवणूक होतेच असे नाही. डॉक्टर समोर नसेलही. फसतो तो आपण, कारण पारा आपल्यासाठीच चढायचा होता. आधी उत्तर द्यावे, चुकावे, आणि मग चालवून पाहावे. तपासणे तेच, फक्त क्रम बदलला. पण त्या क्रमात सगळा प्रामाणिकपणा आहे.

आमच्या लहानपणी बेळगावच्या तालमींत पहाटे जोर-बैठका चालत. कोणी किती काढल्या हे तो तोच मोजी. शंभर काढून दीडशे सांगणारा एखादा असायचाच. वस्ताद त्याला काही बोलत नसत. आनंदवाडीच्या आखाड्यात फड लागला की ते पन्नास आपोआप वजा होत. रोजचा प्रश्न ही जोर-बैठक आहे. तिचा आकडा दुसऱ्याला दाखवायचा नसतोच.

पण मग प्रमाणपत्र? ते तर दुसऱ्याला दाखवण्यासाठीच असते. तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो.

डम्प वापरून पास होणाऱ्याचे उत्तर खोटे नसते. ते बरोबरच असते. मग बिघडले काय? हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस तो लारिसा नावाच्या गावाच्या वाटेवरून विचारतो. एकाला ती वाट माहीत आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण वाटेविषयी त्याचा समज बरोबर आहे. दोघेही लोकांना लारिसाला नीटच नेतील. मग ज्ञान आणि बरोबर समज यांत फरक काय उरला? आपल्याकडे म्हणायचे, तर बेळगावहून सावंतवाडीला आंबोलीवरून जायचे हे पाठ केलेला आणि त्या घाटातून दहा पावसाळे गाडी हाकलेला, यांत फरक काय? सॉक्रेटिसचे उत्तर असे की, बरोबर समज ही दायदालसाच्या पुतळ्यांसारखी असते. ते पुतळे इतके जिवंत, की बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात अशी दंतकथा होती. 'का?' या दोराने जे बांधलेले असते ते ज्ञान. न बांधलेला बरोबर समज ऐन वेळी पळतो. घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला, की पाठ केलेल्याची वाट संपते. हाकलेल्याला दुसरी सापडते.

हे परीक्षा घेणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. ओरॅकल कंपनीने आपल्या सर्वांत वरच्या 'सर्टिफाईड मास्टर' पदवीसाठी चार पर्यायांचा खेळ सोडून दोन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली. समोर चालता डेटाबेस, हातात कामांची यादी, करून दाखवा. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एसक्यूएल सर्व्हरसाठी २००८ पासून 'सर्टिफाईड मास्टर' नावाची पायरी काढली. सुरुवातीला त्यासाठी तीन आठवडे अमेरिकेत रेडमंडला जाऊन राहावे लागे आणि फी होती अठरा हजार डॉलरांहून अधिक. २०१० च्या अखेरीस सक्तीचे प्रशिक्षण काढून दोन परीक्षा ठेवल्या: ज्ञानाची ५०० डॉलरची आणि प्रात्यक्षिकाची २,००० डॉलरची. ती प्रात्यक्षिक परीक्षा पहिल्या फटक्यात न सुटलेले भलेभले लोक होते, आणि विशेष म्हणजे ते आपले नापास होणे उघड सांगत. नापास झालो हे अभिमानाने सांगता येते अशी परीक्षा ही दुर्मीळ गोष्ट आहे.

ती टिकली नाही. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस, अमेरिकेतल्या जोडसुट्टीच्या तोंडावर, कंपनीने ही पायरी बंद करत असल्याचे पत्र पाठवले. मोठा गदारोळ झाला; पण ती गेली ती गेलीच. तिच्यापर्यंत पोचणारे फारच थोडे होते आणि तिचा खर्च मोठा, हे कारण दिले गेले. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखे आहे. हजारांनी विकता येते ते प्रमाणपत्र, आणि मोजक्यांनाच मिळते ती विद्या. दोन्ही एका दुकानात फार दिवस नांदत नाहीत. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनाच्या संदर्भात जे म्हटले ते पुढे सगळीकडे लागू पडले: एखादे माप हेच साध्य करून टाकले, की ते चांगले माप राहत नाही.

येथवर मी जे लिहिले ते कोणीही लिहील. आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

२००१ साली माझ्याकडे प्रमाणपत्र होते. बँकेत ते एकट्या माझ्याकडे होते. परीक्षेत 'बॅकअप आणि पुनर्स्थापना' या भागात मला जवळजवळ पूर्ण गुण पडले होते. डेटाबेसची रोजची प्रत टेपवर कशी घ्यावी, वही जळाली तर प्रतीवरून ती परत कशी उभी करावी, हे मी झोपेत सांगितले असते. प्रत्यक्षात मी एकदाही केले नव्हते.

त्याच विभागात एक बाई होत्या. मॅट्रिक होऊन डेटा एन्ट्रीला लागलेल्या, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. आमच्या भागात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. सारा विभाग त्यांना अक्काच म्हणे. त्यांचे एक वेड होते. दर गुरुवारी संध्याकाळी त्या टेप काढायच्या, अडगळीतल्या एका जुन्या संगणकावर ती चढवायच्या, आणि तीन खात्यांची शिल्लक आपल्या वहीत लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहायच्या. मी एकदा हसून म्हटले होते, "अक्का, टेपवर गेलंय असा संदेश येतोच की. पुन्हा कशाला बघताय?" त्या म्हणाल्या, "गेलंय ते कळतंय रे. परत येतंय काय, ते मला माहीत नाही. म्हणून बघते."

सप्टेंबरअखेर होती. बचत खात्यांवर सहामाही व्याज पडायचे होते. एका शाखेच्या व्याजात काही दुरुस्ती करायची होती, ती शुक्रवारी संध्याकाळी मी केली. अशा आज्ञेत शेवटी एक अट लिहायची असते, 'फक्त अमुक शाखेपुरते'. ती ओळ लिहायची मी विसरलो. चार सेकंदांत साऱ्या शाखांतल्या साऱ्या खात्यांचे आकडे बदलले.

मी टेप काढल्या. आदल्या रात्रीची उघडेना. त्याआधीचीही उघडेना. ड्राइव्हचे डोके खराब झाले होते आणि 'प्रत घेतली' असा संदेश मात्र बिनबोभाट येत होता. माझे पाठांतर तेथे संपले. पाचव्या पायरीवर 'टेप वाचली जात नसेल तर' असा पर्याय कुठल्याच प्रश्नात नव्हता. अक्का घरी जायला निघाल्या होत्या. त्यांनी पर्स खाली ठेवली. जुन्या संगणकावर आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी चढवून पाहिलेली चांगली टेप त्या वेळचीच होती. तो डेटा तेथे होता. त्यावरून आम्ही मूळ वही उभी केली. त्यानंतरचे व्यवहार शनिवार-रविवार दोन दिवस सहा जणांनी व्हाउचरांवरून पुन्हा भरले. सोमवारी दहा वाजता काउंटर उघडले तेव्हा एकाही खातेदाराला काही कळले नाही.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी 'आमच्या प्रमाणपत्रधारक अधिकाऱ्याने' बँकेची अब्रू वाचवल्याबद्दल माझे कौतुक केले. झाले ते 'तांत्रिक बिघाडा'मुळे, असे टिपणात लिहिले होते. मी उठून 'सर्वांच्या सहकार्याने' एवढेच म्हणालो. चूक माझी होती हे मी सांगितले नाही. वाचवले अक्कांनी हेही सांगितले नाही. मला एक जादा वेतनवाढ मिळाली. अक्का मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या भाषणात सांगावे असे ठरवून मी गेलो होतो. तेव्हाही सांगितले नाही. आता त्या नाहीत.

मी अनेकदा विचार केला आहे, त्या सभेत एकाही संचालकाने 'नेमके काय झाले?' असे का विचारले नाही? ते काही भोळे नव्हते. कर्जाच्या एकेका प्रकरणात खोदून खोदून विचारत. उत्तर असे की, माझ्याकडे प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र स्वतः खोटे बोलत नाही. पण ते ऐकणाऱ्याचे प्रश्न थांबवते. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याच्या हाती ते असते, त्याचे स्वतःला विचारायचे प्रश्नही थांबवते. मला पुनर्स्थापना येते, हा रकाना मी 'होय' असा भरून टाकला होता. अक्कांनी तोच रकाना रिकामा ठेवला होता आणि दर गुरुवारी त्या तो नव्याने भरत होत्या.

हे आमच्या गावच्या बँकेतच घडते असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम संगणकावरची समजून मुख्य संगणकावरची नोंदवही पुसायला घेतली. दोन-एक सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने थांबवले, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. प्रती घेण्याच्या त्यांच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. एक व्यवस्था आवृत्ती न जुळल्याने मुकाट्याने बंद पडली होती, आणि ती बंद पडल्याचे इशारे टपालाच्या भानगडीत पोचतच नव्हते. वाचवले ते त्याच अभियंत्याने सहा तास आधी, दुसऱ्याच कामासाठी, सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीने. त्या माणसांना परीक्षेचे प्रश्न येत नव्हते असे कोण म्हणेल? पण त्यांनी पुढे जे केले ते मी केले नव्हते. काय झाले, कसे चुकले, काय गेले, हे त्यांनी सगळे जगापुढे मांडले. दुरुस्तीचे काम चालू असताना ते थेट दाखवलेसुद्धा. चूक करणाऱ्याला बळी दिले नाही. त्यांच्या त्या अहवालावरून गेली काही वर्षे कितीतरी लोक शिकत आहेत. माझ्या 'तांत्रिक बिघाडा'वरून कोणी काय शिकणार?

हे सगळे वाचून प्रमाणपत्रे जाळून टाकावीत असा कोणी अर्थ काढील, तर तो अन्याय होईल. प्रमाणपत्र नव्हते तेव्हा काय होते, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. तेव्हा वशिला होता. कोणाचा पुतण्या, कोणाच्या जातीचा, कोणाच्या ओळखीचा. सीमाभागातल्या मराठी मुलाला तर दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागे. इकडे भाषेचा प्रश्न, तिकडे 'तुम्ही कर्नाटकातले'. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या, कोणी मोठा माणूस पाठीशी नसलेल्या मुलाला बंगळूर-पुण्याच्या काचेच्या इमारतीचे दार ज्या कागदाने उघडले, तो हा कागद. त्या कागदाला आडनाव कळत नाही. म्हणूनच त्याचे पावित्र्य आपण सांभाळले पाहिजे. डम्पने मिळवलेले प्रत्येक प्रमाणपत्र हे पाठीशी कोणी नसलेल्या पुढच्या मुलाच्या कागदाची किंमत थोडी कमी करते. शेवटी मुलाखत घेणारा म्हणतो, 'कागद सगळ्यांकडेच असतात. ओळखीचा कोणी आहे का?' आणि आपण फिरून वशिल्याशी येऊन पोचतो. डम्प वापरण्याने कोणाचे नुकसान होत नाही, हे म्हणूनच खरे नाही. नुकसान होते, फक्त ज्याचे होते तो समोर नसतो.

विसर्जनाच्या आदल्या रात्री मी भाच्याला अक्कांची गोष्ट सांगितली. ती ऐकणारा तो पहिलाच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आमच्याकडे प्रत रोज घेतात. ती परत उभी राहते काय, ते मी कधी बघितलेलं नाही."

मी म्हटले, "मग परीक्षेच्या आधी ते बघ. आणि मार्चपर्यंत अभ्यास होणार नसेल, तर साहेबांना तसं सांग. 'तयार नाही' हे काही वाईट उत्तर नाही."

"तसं म्हटलं तर दुसऱ्याला बसवतील की."

"बसवतील," मी म्हटले. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. या रिकाम्या रकान्याची किंमत मोजावी लागते आणि ती बहुधा एकट्यालाच मोजावी लागते. मी ती २००१ साली मोजली नाही. म्हणून दुसऱ्याला मोजायला सांगण्याचा अधिकार मला कितपत, हेही मला नीट ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आजचा प्रश्न उघडला. लॅपटॉप बंदच होता. जरा विचार करून त्याने खूण केली. लाल पाटी आली. "चुकलं की!" असे म्हणून तो हसला, आणि मग लॅपटॉप उघडून कुठे चुकले ते पाहत बसला. चहा निवून गेला.

त्या फायलीचे त्याने काय केले ते मी विचारले नाही. मार्चला अजून अवकाश आहे. तो काय करील ते मला आज माहीत नाही. आणि तसे लिहून ठेवण्यात आता मला कमीपणा वाटत नाही.